वक्त्याला विषय नको, प्रश्न द्या

लेखकांच्या गटात दर महिन्याला पाहुणा वक्ता आणायचं ठरलं, की पहिली बैठक नावांच्या यादीतच संपते. कुणाची कुणाशी ओळख आहे, कोण येईल, कोण गोड बोलून टाळेल. आमच्या गटाचंही सुरुवातीला असंच चालायचं. नावं चांगली मिळाली, खुर्च्या भरल्या, पण वहीत उतरवून घ्यावं असं फारसं काही हाती लागायचं नाही. दोष वक्त्यांचा नव्हता. प्रत्येकाला आम्ही एकच विषय देत होतो, 'माझा लेखनप्रवास'. हा विषय मिळाला की माणूस बालपणापासून सुरू होतो. पहिलं पुस्तक निघेपर्यंत ३५ मिनिटं गेलेली असतात. संवाद कसे लिहिता, खर्डा कितीदा बदलता, प्रकरण नेमकं कुठे तोडता, हे ज्यासाठी त्याला बोलावलं तेच शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं जातं.

आता आम्ही आधी प्रश्न ठरवतो आणि त्याचं उत्तर कुणापाशी असेल ते नंतर शोधतो. प्रश्न मिळतात ते एकमेकांचं लेखन वाचण्याच्या बैठकीत. तिथे जे अडतं ते एका वहीत, एका ओळीत नोंदवायचं. 'संवादात बोली किती आणि प्रमाण किती.' 'जुन्या काळातल्या कथेत आजचा शब्द शिरला तर तो कसा पकडायचा.' 'अनुवादात म्हणीचं काय करायचं.' 'संपादक पहिल्या किती पानांत मत बनवतो.' तीन महिन्यांत अशा १५-२० ओळी जमतात आणि त्यांतले दोन-तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. ते आधी घ्यायचे.

असं केलं की वक्त्यांची यादीच बदलते. जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं यांतल्या नेहमीच्या चुका कादंबरीकारापेक्षा मुद्रितशोधक जास्त नेमकेपणाने दाखवतो. रोजची हजारो वाक्यं त्याच्या डोळ्यांखालून गेलेली असतात. वाक्य मोठ्याने वाचताना कुठे अडखळायला होतं ते ऑडिओबुकचा निवेदक सांगतो. गुन्हेकथा लिहिणाऱ्यांना शवविच्छेदनात काय कळतं आणि काय कळत नाही हे डॉक्टर सांगेल. करारातलं कुठलं कलम हक्क किती काळासाठी देऊन टाकतं हे वकील सांगेल. अनुवादक, मुखपृष्ठकार, ग्रंथपाल, पुस्तकविक्रेता ही माणसं लेखकांच्या व्यासपीठावर क्वचितच दिसतात आणि बोलावलं तर बहुधा मनापासून तयारी करून येतात. प्रसिद्ध नावाचं म्हणाल, तर गर्दी होते, पण ती त्या नावाची असते. पुढच्या महिन्यात त्यातले फार थोडे परत येतात. वर्षातून एक-दोनदा असं नाव घ्यावं, त्यावर गट उभा करू नये.

वर्षाचे १२ महिने असले तरी १० व्याख्यानंच आखावीत. एक महिना परीक्षा-सुट्ट्यांत जातो आणि एक सदस्यांच्या स्वतःच्या वाचनासाठी राखलेला बरा. दिवस एकच धरायचा, समजा दुसरा शनिवार, आणि वक्त्याच्या सोयीसाठीही तो हलवायचा नाही. तारीख एकदा हलली की पुढचे दोन महिने 'या वेळी कधी आहे?' असे फोन येत राहतात. वक्त्याला तो शनिवार जमत नसेल तर त्याच महिन्यातला दुसरा वार शोधण्यापेक्षा पुढच्या महिन्याचा दुसरा शनिवार द्यावा.

कामाची साखळी १२ आठवड्यांची असते. म्हणजे कोणत्याही दिवशी तीन कार्यक्रम वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. एकाचं निमंत्रण गेलेलं, दुसऱ्याचा होकार येऊन परिचय यायचा, तिसरा चार दिवसांवर आलेला. एकाच माणसाने हे सगळं डोक्यात ठेवलं तर सहा महिन्यांत तो थकतो किंवा आजारी पडतो आणि साखळी तुटते. म्हणून कामं चार जणांत वाटून घ्यावीत. एक वक्त्याशी संपर्क ठेवतो, एक जागा आणि ध्वनियंत्रणा बघतो, एक सूत्रसंचालन करतो, एक नोंदी ठेवतो. प्रत्येकाच्या हाताखाली एक शिकाऊ असावा. वक्त्याशी बोलणारा मात्र एकच असावा. दोघं बोलायला लागले की एकाने सांगितलेली वेळ साडेपाचची असते आणि दुसऱ्याने सांगितलेली सहाची.

निमंत्रणाचं पत्र हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा कागद. फोनवर होकार मिळाला तरी पत्र जायलाच हवं. आमचा मजकूर आता साधारण असा असतो:

'आमच्या गटात ३० जण आहेत. बहुतेकांनी कथा लिहिल्या आहेत, सात-आठ जणांच्या प्रसिद्ध झाल्या आहेत. सध्या सगळ्यांना एक गोष्ट अडते आहे. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवले की दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे वाटतात. तुमच्या लेखनात हा सांधा दिसत नाही. तो कसा बुजवता, हे तुमच्याच एखाद्या पानावरून, शक्य तर आधीच्या खर्ड्यासह, दाखवाल का? बोलण्यासाठी ४० मिनिटं, प्रश्नांसाठी ३० मिनिटं. मानधन आणि प्रवासखर्चाची रक्कम सोबत लिहिली आहे. ध्वनिमुद्रण करावं की नाही हे तुम्ही ठरवावं. १० दिवसांत कळवलंत तर बरं होईल.'

यातला प्रत्येक तुकडा कुठल्या तरी घोळातून आलेला आहे. श्रोते कोण ते लिहिलं नाही तर वक्ता शाळकरी मुलांसाठीचं भाषण घेऊन येतो, नाही तर विद्यापीठातला शोधनिबंध. 'खर्ड्यासह' हा शब्द वगळला तर छापील पान मिळतं आणि त्यावर कौतुकापलीकडे काही बोलता येत नाही. खोडलेलं, बाण काढलेलं, समासात शिव्या घातलेलं पान समोर आलं की खोली सरळ होऊन बसते. मानधनाचा आकडा पहिल्याच पत्रात हवा, देणं शक्य नसेल तर तेही तितकंच स्पष्ट हवं. 'यथोचित सन्मान करू' या वाक्याने दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं. रक्कम लहान असली तरी चालते, ती सगळ्यांना सारखी असावी. वक्ते एकमेकांना ओळखतात. आणि उत्तराची मुदत नसेल तर नकार द्यायला संकोचणारा माणूस गप्प राहतो आणि तीन आठवडे वाया जातात.

होकारानंतर तीनदा संपर्क करायचा. तीन आठवडे आधी परिचय, छायाचित्र आणि दाखवायचं पान मागवायचं. आठवडाभर आधी कसं यायचं, कोण भेटेल, गाडी कुठे लावायची ते कळवायचं. आदल्या दिवशी फोन, आणि तो फोनच, निरोप नव्हे. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे वाचलं असं नसतं. तारीख लिहिताना वार जोडायचा. तारीख आणि वार जुळत नसतील तर चूक तिथेच पकडली जाते.

एवढं करूनही वर्षातून एखादा वक्ता ऐन वेळी येत नाही. ताप येतो, गाडी चुकते, घरात काही होतं. त्यासाठी कपाटात एक राखीव पाकीट ठेवावं. त्यात दोन पानी उताऱ्याच्या ३५ प्रती, त्यावरचे चार प्रश्न आणि २० मिनिटांचा एक लेखनसराव. उतारा असा निवडावा ज्यात एक ठळक अडचण आहे, उदाहरणार्थ तीन पात्रं बोलताहेत आणि कोण काय म्हणालं ते कळत नाही. सदस्यांनी तो दुरुस्त करायचा आणि वाचून दाखवायचा. १० मिनिटांच्या तयारीवर दोन तास चांगले जातात. पाकीट वापरलं की महिन्याभरात नवं भरायचं. ते राहून जातं, आणि नेमका त्यानंतरच दुसरा वक्ता कोसळतो.

परिचयाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण निम्मे कार्यक्रम इथेच लांबतात. वक्त्याकडून आलेला परिचय तीन पानांचा असतो आणि सूत्रसंचालक तो पुरस्कारांच्या सालांसकट वाचतो. ऐकणाऱ्याला एवढंच हवं असतं की हा माणूस कोण आणि आजच्या प्रश्नावर याचं का ऐकायचं. त्याला ९० सेकंद पुरतात. १५० ते १७० शब्द. लिहून काढायचे, मोठ्याने वाचायचे, घड्याळ लावायचं. आडनावाचा उच्चार आणि पुस्तकाचं नाव वक्त्याला फोनवर विचारून घ्यायचं. पुस्तकाचं नाव चुकलं तर वक्ता हसून सोडून देतो, पण पुढची पाच मिनिटं त्याचं मन तिथेच असतं. प्रास्ताविक वेगळं, स्वागत वेगळं, गटाचा इतिहास वेगळा असं करू नये. आभारही प्रश्नोत्तरांनंतर दोन वाक्यांत. आभारात व्याख्यानाचा सारांश सांगणारे असतात, त्यांना प्रेमाने थांबवावं.

आता खोली. ३० जण येणार असतील तर २४ खुर्च्याच मांडाव्यात आणि बाकीच्या भिंतीशी रचून ठेवाव्यात. ५० मांडल्या की लोक मागच्या तीन रांगा पकडतात आणि वक्त्यासमोर ओसाड पडतं. अर्धवर्तुळ दोन रांगांचं असेल तर लोक एकमेकांचे चेहरे बघू शकतात, प्रश्नोत्तरांत त्याचा फायदा कळतो. वक्त्याच्या पाठीशी खिडकी नको. उजेड मागून आला की चेहरा काळा पडतो आणि चित्रीकरणात तर नुसती सावली येते. दार श्रोत्यांच्या पाठीमागे असावं, म्हणजे उशिरा येणारा वक्त्याच्या आडवा जात नाही. घड्याळ वक्त्याला दिसेल अशा भिंतीवर. आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद, नाही तर खर्ड्याची पानं उडतात आणि माइकमध्ये वाऱ्याची घरघर येते.

माइक नको म्हणणारे वक्ते बरेच भेटतात. 'माझा आवाज पोचतो' हे पहिली पाच मिनिटं खरं असतं, मग आवाज उतरतो, आणि मागच्या रांगेतला कमी ऐकू येणारा सदस्य लाजेखातर काही बोलत नाही. हातातला माइक तोंडापासून चार बोटांवर धरायचा. छातीशी धरला की ध्वनियंत्रणेवरचा माणूस आवाज वाढवतो आणि शीळ सुरू होते. शीळ येते कारण स्पीकरमधून निघालेला आवाज परत माइकमध्ये शिरतो, तोच पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो आणि हे चक्र चालू राहतं. म्हणून स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवायचे. त्यांचं तोंड वक्त्याकडे वळता कामा नये. तरीही शीळ आली तर आधी आवाज कमी करावा, माइकच्या जाळीवर हात ठेवू नये. हाताने झाकल्यावर शीळ बहुधा वाढते. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा, ओढणी किंवा माळ त्यावर घासत नाही ना ते बघावं. सेल नवे टाकावेत. 'मागच्या महिन्याचे आहेत, चालतील' असं म्हटलेले सेल तिसाव्या मिनिटाला संपतात.

मराठी वक्त्याचं सादरीकरण असेल तर आणखी एक हमखास घोटाळा होतो. त्याच्या संगणकावर युनिकोडपूर्व काळातला फॉन्ट असतो. त्या फॉन्टमध्ये 'क' अक्षर म्हणून जे दिसतं ते आत कुठल्या तरी रोमन अक्षराच्या जागी बसवलेलं असतं. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली, तिथे तो फॉन्ट नसला, की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा येतो. त्यावर तिथल्या तिथे काही करता येत नाही. वक्त्याला आधीच सांगायचं, फाइल पीडीएफ करून पाठवा आणि पीडीएफ करताना फॉन्ट आतच बसवा. ती दोन दिवस आधी आपल्या संगणकावर उघडून प्रत्येक पान बघायचं. लॅपटॉपला एचडीएमआयची खाच नसेल तर जोडणी आपल्याकडे हवी. उतारा वाचायचा असेल तर पडद्यावर टाकूच नये, कागदावर छापून वाटावा. कागदावर लोक खुणा करतात, घरी नेतात. प्रतींवर ओळींचे क्रमांक टाकले तर 'चौदाव्या ओळीत बघा' म्हणता येतं. ही छोटी गोष्ट आहे, पण तिने चर्चेतला किती तरी वेळ वाचतो.

दोन तासांची मांडणी आम्ही अशी ठेवतो. पहिली ५ मिनिटं सूचना आणि परिचय, ४० मिनिटं वक्ता, ५ मिनिटं शांतपणे प्रश्न लिहायला, ३० मिनिटं उत्तरं, २० मिनिटं लेखनसराव, उरलेला वेळ गप्पा आणि पुस्तकं. ४० मिनिटांचा आकडा ठरवताना वक्ता काही वाचणार आहे का ते विचारावं लागतं. ५०० शब्दांचा उतारा नीट थांबत वाचला तर चार-पाच मिनिटं घेतो. वक्त्यांचा अंदाज नेहमी निम्मा असतो. वेळ दाखवायला पहिल्या रांगेत बसलेल्याकडे तीन पत्ते, '१०', '५' आणि 'आवरा'. ते कधी दाखवणार हे वक्त्याला आधी सांगितलेलं हवं, नाही तर पत्ता बघून माणूस दचकतो. चिठ्ठी पाठवणं टाळावं. चिठ्ठी वाचायला वक्ता थांबतो आणि धागा सुटतो.

'कुणाला काही प्रश्न?' असं विचारल्यावर पसरणारी शांतता सगळ्यांना माहीत आहे. सूत्रसंचालक घाबरून तीन सेकंदांत 'नसतील तर' म्हणतो. प्रश्न असतात, पण मनात जुळवायला वेळ लागतो. म्हणून ती पाच मिनिटं. प्रत्येकाला चिठ्ठी द्यायची, एक प्रश्न, एक वाक्य. चिठ्ठ्या गोळा करून सूत्रसंचालकाने सारखे प्रश्न एकत्र करायचे आणि सगळ्यात नेमका प्रश्न पहिला घ्यायचा. पहिला प्रश्न 'लिहायची प्रेरणा कुठून मिळते?' असा आला की पुढची गाडी त्याच रुळावर जाते. 'तुमच्या दुसऱ्या खर्ड्यात आईचं वाक्य बोलीत होतं, छापताना प्रमाण का केलंत?' असा आला की वक्ता खुर्चीत पुढे सरकतो.

चिठ्ठीचा दुसरा फायदा म्हणजे 'प्रश्न नाही, पण दोन शब्द बोलायचे आहेत' म्हणणाऱ्याला अटकाव होतो. तरीही कुणी उठलंच, तर एक मिनिट ऐकून घ्यावं आणि वाक्य संपता संपता विचारावं, 'म्हणजे तुम्हाला विचारायचं आहे की...?' प्रश्न नसेल तर ते स्वतःच बसतात. स्वतःची कविता वाचायला उठणाऱ्यासाठी उपाय एकच. महिन्यातली वाचनाची बैठक कधी आहे ते तिथल्या तिथे सांगायचं. आलेला प्रत्येक प्रश्न माइकवर पुन्हा म्हणायचा. मागे ऐकू येत नाही आणि ध्वनिमुद्रणात तर नुसती उत्तरं उरतात.

लेखनसराव वक्त्याने घ्यावा असा आग्रह नको. बऱ्याच जणांना ते जमत नाही. सराव आपण तयार ठेवायचा, त्याच प्रश्नाला धरून: स्वतःच्या चालू लेखनातले सहा संवाद घ्या आणि निवेदनाशी जोडणारं एक-एक वाक्य बदला. तिघांनी वाचून दाखवावं. वक्त्याला यावर शेरा मारायची इच्छा झाली तर कार्यक्रमाचा सगळ्यात चांगला भाग तोच होतो.

वक्ता संपादक किंवा प्रकाशक असेल तर सूचनेत एक ओळ ठळक टाकावी, हस्तलिखितं आणू नयेत. दारात पाहुण्याच्या हातात बाड देणारे असतातच, आणि असा पाहुणा दुसऱ्यांदा बोलावल्यावर येत नाही. त्याऐवजी लेखन कसं, कुठे, किती पानांचं पाठवायचं हे त्यालाच सांगायला लावावं.

ध्वनिमुद्रणाची परवानगी लेखी असावी आणि त्यात दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात, मुद्रण करणं आणि ते सगळ्यांसाठी खुलं करणं. वक्ता अप्रकाशित लेखन वाचणार असेल तर त्या वेळी यंत्र बंद. दुसऱ्या लेखकाचा मोठा उतारा वाचला असेल तर तो भाग कापूनच पुढे द्यावा, कारण खोलीत वाचून दाखवणं आणि सगळीकडे पसरवणं या हक्काच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. दूरवरून ऑनलाइन ऐकणारे असतील तर त्यांच्यासाठी एक माणूस पूर्णवेळ लागतो. खोलीतल्या कॅमेऱ्याचा आवाज पुरत नाही, माइकची तार थेट जोडावी लागते आणि त्यांचे प्रश्न कुणीतरी वाचून दाखवावे लागतात. तो माणूस नसेल तर ऑनलाइनची घोषणाच करू नये.

पुस्तकविक्रीचं टेबल बाहेर पडायच्या वाटेवर, पण प्रश्नोत्तरं संपेपर्यंत झाकलेलं. आधी उघडलं की मागे चाळवाचाळव सुरू होते. कागदावर तीन रकाने: आणलेल्या प्रती, विकलेल्या, उरलेल्या. शेवटी वक्त्यासमोर मोजून दोघांची सही. सुटे पैसे आपण न्यायचे. वक्त्याने आधीच सह्या करून ठेवू नयेत, कारण सही केलेली प्रत दुकानदार सहसा परत घेत नाही. सही करताना घेणाऱ्याने आपलं नाव चिठ्ठीवर लिहून पुढे करावं. नावात 'श्रुति' की 'श्रुती' हा प्रश्न रांगेत उभं राहून सोडवता येत नाही.

मानधनाचं पाकीट किंवा बँकेचा तपशील कार्यक्रम सुरू होण्याआधीच हाताळावा. शेवटच्या गडबडीत पाकीट खिशातच राहतं आणि मग फोन करून 'द्यायचं राहिलं' म्हणताना दोघंही ओशाळतात. दोन दिवसांत आभाराचं पत्र, त्यात सदस्यांनी वहीत लिहून घेतलेल्या दोन-तीन नेमक्या गोष्टी. वृत्तान्त ३०० शब्दांचा, आणि अवतरणचिन्हांत घातलेली वाक्यं वक्त्याला दाखवल्याशिवाय कुठे द्यायची नाहीत.

नोंदवहीत त्या रात्रीच पाच ओळी टाकायच्या: किती आले, त्यांत नवे किती, वक्ता किती मिनिटं बोलला, कुठला प्रश्न अनुत्तरित राहिला, यंत्रणेत काय बिघडलं. अनुत्तरित राहिलेला प्रश्न तसाच पुढच्या यादीत जातो. बोली आणि प्रमाण यांच्या चर्चेत बहुधा कुणीतरी विचारतंच, मुद्रितशोधक बोलीतले शब्द 'दुरुस्त' करून टाकतो त्याचं काय करायचं. मग त्या वहीतूनच मुद्रितशोधकाला पत्र जातं.